मदत हवी आहे: रोलँड ज्युनो-106 या सिंथेसायझरवर दर सहावा सूर फाटतोय, आणि शिकायला सुरुवात कुठून करू?

पेटीवाली

नमस्कार मंडळी,

मी बावीस वर्षं पेटी वाजवते. भजनाला साथ, शाळेतल्या मुलांचे कार्यक्रम, कधीमधी नाट्यसंगीत. सिंथेसायझरशी माझा कधी संबंध आला नव्हता. मागच्या वर्षी आम्ही नागोयाहून कायमचे पुण्याला परत आलो, तेव्हा सामानातून एक रोलँड ज्युनो-106 आली. तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ती सगळ्यात खालच्या फळीवर होती आणि 'चालू आहे, पण दोष आहे' अशी चिठ्ठी लावलेली होती. दुकानदारांनी वायर जोडून दिली. मी एक सूर दाबला, कोरसचं बटण दाबलं आणि तो सूर दोन्ही स्पीकरमध्ये असा काही पसरला की मला तिथून हलवेना. पेटीचा सूर समोरून येतो, हा चारी बाजूंनी आला.

वाद्य 1984 सालच्या मॉडेलचं, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचं. आता ते नीट शिकायचं ठरवलंय, पण चार ठिकाणी अडले आहे.

पहिली अडचण विजेची. मागच्या पट्टीवर 100 व्होल्ट लिहिलंय. मी 230 चे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर आणला आणि त्यावर चालवते आहे. पण अर्ध्या तासात पाठीची एक बाजू चांगलीच गरम होते. जपानमध्ये इतकी होत नव्हती.

दुसरी, स्लायडर जिथे असतात तिथला आवाज येत नाही. फिल्टर (सुराची चमक कमी-जास्त करणारा भाग) पूर्ण मिटलेला दिसतो आणि आवाज मात्र लखलखीत. स्लायडरला जरा धक्का लागला की आवाज एकदम दुसरीकडे उडी मारतो. शिवाय मेहनत करून साठवलेला आवाज रात्री बंद केल्यावर सकाळी गायब.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त सलतेय. आरोह-अवरोह वाजवले की मध्येच एक सूर फाटतो, खरखरतो आणि कळ सोडल्यावरही मागे कण्हत राहतो. आधी वाटलं मध्यमाची कळ खराब आहे. मग शांतपणे मोजत बसले. सा ते सां आठ सूर, परत सां ते सा आठ. आरोहात मध्यम फाटला, अवरोहात निषाद फाटला, शेवटचा षड्जही फाटला. म्हणजे चौथा, दहावा आणि सोळावा. कळ कुठलीही असो, दर सहाव्यांदा तेच. इथल्या एका दुरुस्तीवाल्यांना दाखवलं तर ते म्हणाले, कळांची पट्टी बदला, नाहीतर सरळ भंगारात काढा. माझं मन मानत नाही.

आणि चौथी: हे वाद्य शिकायचं कसं? व्हिडिओ पाहिले, पण सगळे भराभर वीस स्लायडर हलवतात आणि पुढे जातात. मला एकेक गोष्ट कळून घ्यायची आहे. कुणी हात धरून नेईल का?

जुना_रेडिओ

ताई, आधी ट्रान्सफॉर्मर बंद करा, बाकीचं नंतर.

तुमचा ट्रान्सफॉर्मर 230 आत गेले तर 110 बाहेर देतो. आपल्याकडे रात्री घरात 240 असतात, मग बाहेर 115 च्या आसपास येतात. 100 व्होल्टच्या वाद्याला हे पंधरा टक्के जास्त झाले. आतले रेग्युलेटर ती जास्तीची वीज उष्णता करून बाहेर टाकतात, पाठ गरम होते ती त्यामुळे. लगेच काही जळणार नाही, पण चाळीस वर्षांच्या कपॅसिटरना ही उष्णता नको. बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे आहेत. 230 चे 100 असा नेमका मागा. पट्टीवर जेवढे वॅट छापलेत त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, म्हणजे तो स्वतः तापणार नाही. आणून वाद्याला जोडायच्या आधी मल्टिमीटरने मोजा. ट्रान्सफॉर्मरवर ठळक अक्षरांत 'ज्युनो' लिहून ठेवा, आणि वाद्याचा प्लग थेट भिंतीत जाणार नाही अशी व्यवस्था करा. घरात दुसऱ्या कुणी कौतुकाने 230 ला लावला की खेळ संपला.

आता तुमचा सहावा सूर. तुम्ही ज्या पद्धतीने मोजलंत, तेच निदान आहे. कळांची पट्टी अजिबात बदलू नका. ज्युनो-106 मध्ये सहा आवाज आहेत, म्हणजे एकाच वेळी सहाच सूर वाजू शकतात. पॉली 1 हे बटण चालू असताना ती प्रत्येक नवी कळ पुढच्या आवाजाकडे देते. एक, दोन, तीन असं सहापर्यंत, मग पुन्हा एक. पंगतीत सहा वाढपी आहेत आणि त्यातल्या एकाचीच पळी गळकी आहे असं समजा. तो ज्याच्या पानापुढे येईल तिथे सांडणार. पानाचा काय दोष?

ती पळी म्हणजे 80017ए नावाची चिप. प्रत्येक आवाजाला एक अशा सहा. त्या आवाजाचा फिल्टर आणि त्याचा जोर, दोन्ही तिच्यातच आहेत. रोलँडने या चिपवर काळ्या इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या राळेचा) लेप दिला होता. वर्षं गेली तसा तोच लेप आतल्या भागांमधून वीज झिरपू देऊ लागला. म्हणून खरखर, आणि कळ सोडल्यावर ते कण्हणं. जगभरातल्या 106 चं हेच दुखणं आहे, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही.

खात्री करायची असेल तर वाद्य बंद करा, 'की ट्रान्सपोज' नावाचं बटण दाबून धरा आणि तसंच सुरू करा. ती तपासणीच्या अवस्थेत जाते आणि दाबलेला सूर कितव्या आवाजाने वाजवला तो आकडा पडद्यावर दाखवते. फाटला की आकडा वहीत लिहा. पुन्हा बंद-सुरू केलं की नेहमीसारखी. तपासताना कोरस बंद ठेवा. त्याची सूं सूं असतेच, तो दोष नव्हे, त्या काळच्या कोरसच्या चिपचा तो स्वभाव आहे.

साठवलेलं गायब होतं कारण आतला सेल संपलाय. सीआर2032, घड्याळात असतो तो, पण इथे बोर्डाला डाग देऊन बसवलेला. नवीन बसवताना सरळ होल्डर लावून घ्या, पुढच्या वेळी डाग द्यायला नको.

खर्ज_षड्ज

मी तबल्यातून या वाद्यांकडे आलो, तुम्ही पेटीतून येताय म्हणजे अर्धी वाट चालूनच आलात. चौथ्या प्रश्नाबद्दल लिहितो. आधी दुसऱ्याचं उत्तर, कारण ते कळलं नाही तर शिकणंच होत नाही.

मॅन्युअल असं एक बटण आहे. ते दाबलं की वाद्य आठवणीतला आवाज सोडतं आणि स्लायडर आत्ता जिथे आहेत तिथला आवाज देतं. साठवलेला आवाज लावलेला असताना स्लायडरच्या जागांना अर्थ नसतो. हलवला की मात्र ती किंमत स्लायडरच्या जागेवर येते, म्हणून ती उडी. शिकेपर्यंत रोज बसलात की पहिलं काम, मॅन्युअल.

मग सगळं झोपवा. डीसीओमध्ये (मूळ सूर तयार करणारा भाग) करवतीच्या दातांसारखी आकृती आहे तेवढं एकच बटण चालू. सब (खालच्या सप्तकाचा सूर) आणि नॉइज (नुसती खरखर) शून्य. एचपीएफ (खर्ज गाळणारा फिल्टर) शून्यावर नको, एकवर. शून्यावर खर्ज वाढवलेला असतो, एकवर सूर आहे तसा. व्हीसीएफची (चमक गाळणारा मुख्य फिल्टर) फ्रीक्वेन्सी पूर्ण वर, तिथलेच रेझोनन्स, एन्व्ह (एन्व्हलप), एलएफओ (आवाज डोलवणारा भाग), कीबोर्ड हे स्लायडर सगळे खाली. व्हीसीए (आवाजाचा जोर ठरवणारा भाग) गेटवर. कोरस बंद. आता एक सूर दाबा. हा आवाज ओरबाडणारा वाटेल, वाटू द्या. ही तुमची नुसती स्वरपट्टी आहे, पेटीच्या खोक्यातून बाहेर काढून फुंकलेली.

सब वर न्या. एक सप्तक खालचा सूर मिसळेल. नर सुरांना खर्जाचे सूर जोडता, अगदी तेच.

आता फ्रीक्वेन्सी हळूहळू खाली आणा. तोंडाने 'आ' लावा आणि सूर न सोडता ओठ मिटत मिटत 'ऊ'पर्यंत या. सूर तोच राहतो, वरची चमक एकेक करून निघून जाते. फिल्टर एवढंच करतो. मी पहिले पंधरा दिवस या एका स्लायडरवर काढले आणि मला ते दिवस वाया गेलेसे वाटत नाहीत. मग रेझोनन्स थोडा वाढवून तेच पुन्हा करा. मिटताना एकेक वरचा स्वर शिट्टीसारखा उजळून जाईल. तंबोऱ्याची जवारी लावताना धागा सरकवला की जे घडतं त्याच्या फार जवळ आहे हे. तुम्हाला ते लगेच ऐकू येईल.

रेझोनन्स शेवटपर्यंत नेला तर फिल्टर स्वतःच गाऊ लागतो. करवतीची आकृती बंद करा, व्हीसीएफचा कीबोर्ड स्लायडर वर न्या, आणि फिल्टरच्या शिट्टीवर सारेगम वाजवून पाहा. फक्त आधी आवाज कमी करा, ही शिट्टी कानात घुसते.

एन्व्हलप म्हणजे भाता. व्हीसीए गेटवर असताना सूर दाबला की पूर्ण, सोडला की बंद. एन्व्हवर टाकलं की ए, डी, एस, आर कामाला लागतात. ए म्हणजे भाता भरायला किती वेळ. डी म्हणजे पहिल्या जोरावरून किती वेळात खाली यायचं. एस म्हणजे कळ धरून ठेवली तर किती दाब टिकवायचा. आर म्हणजे सोडल्यावर हवा किती वेळ निघत राहील. फरक एक आहे. पेटीत सगळ्या सुरांना मिळून एकच भाता, इथे सहाही आवाजांना ज्याचा त्याचा. म्हणून दोन सूर पुढेमागे दाबले तर दोन्ही आपापल्या गतीने फुलतात. पेटीवाल्याला याची सवय व्हायला वेळ लागतो, पण एकदा हातात आलं की सोडवत नाही.

पट्टीचंही सांगतो. गायिका काळी दोनची असेल तर 'की ट्रान्सपोज' बटण धरून ती कळ दाबा, तुम्ही पांढरी एकच्याच बोटांनी वाजवा. डीसीओचा सूर घड्याळासारख्या ठोक्यांतून मोजून काढलेला असल्याने जुन्या अ‍ॅनालॉग वाद्यांसारखा तो उन्हाने चढत-उतरत नाही. फिल्टर आणि पुढचं सगळं मात्र अस्सल अ‍ॅनालॉग.

रात्रपाळी

भंगारात काढू नका एवढं सांगायला लॉगिन केलंय. वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये मुंबईत रोलँडच्याच ज्युपिटर-8 सिंथेसायझर, टीआर-808 ताल-यंत्र आणि टीबी-303 बास-यंत्र यांवर राग वाजवून तबकडी काढली. तेव्हा फार कुणी ऐकली नाही, आज जगभर ऐकतात. आपल्या सुरांना ही यंत्रं परकी नाहीत.

कारखान्यातले मूळ 128 आवाज ध्वनिफितीच्या स्वरूपात मिळतात. सेल बदलल्यावर मागचं मेमरी प्रोटेक्ट (साठवलेलं पुसू न देणारं बटण) बंद करायचं, मोबाइलमधून टेपच्या लोड भोकात ती फीत वाजवायची, की सगळे आवाज परत. पूर्वी कॅसेट वापरत, आता मोबाइल.

पेटीवाली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सांगितलेलं सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

नवा ट्रान्सफॉर्मर आला, मीटरवर 102 दाखवतो, पाठ आता फक्त कोमट. सेल बदलला, जुना मोजला तर दीड व्होल्टच्याही खाली होता. तपासणीच्या अवस्थेत पडद्यावर 4 आला की सूर फाटतो, बाकीचे पाच स्वच्छ. पाच-सहा वेळा मोजलं, दर वेळी चारच.

फिल्टरचा स्लायडर बारा दिवस केला. सातव्या दिवशी रेझोनन्स अर्ध्यावर ठेवून फ्रीक्वेन्सी अगदी सावकाश आणत होते, एका जागी पंचम इतका लख्ख ऐकू आला की मी बोट तिथेच थांबवलं. मी पंचम दाबलाच नव्हता. नुसता षड्ज धरला होता, त्याच्याच पोटातला पंचम बाहेर आला. तंबोऱ्यात आयुष्यभर ऐकत आले, पण तो आतून हाताने शोधून काढायला पहिल्यांदा मिळाला. तिथे स्लायडरच्या बाजूला पेन्सिलने बारीक खूण केली आहे.

आता चार नंबरचं काय? चिप बदलायची की लेप काढायचा? माझ्या भाच्याचा डाग देण्यावर हात बसलेला आहे, पण त्याने अशा जुन्या बोर्डावर काम केलेलं नाही.

जुना_रेडिओ

102 उत्तम. आधी लेप काढून पाहा, पुष्कळदा मूळ चिप तेवढ्यानेच बरी होते. नाही झाली तर त्याच मापाच्या नव्या बनावटीच्या मिळतात.

भाच्याला सांगा, प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. चिपचे पाय एका ओळीत आहेत. डाग शोषून घेणारा पंप आणि तांब्याची जाळी दोन्ही वापरायचं, आणि प्रत्येक पाय मोकळा हलतोय हे पाहिल्याशिवाय ओढायचं नाही. ओढला तर बोर्डावरची तांब्याची रेघ उखडते आणि मग खरं दुखणं सुरू होतं. चिप कुठल्या दिशेने बसली आहे त्याचा फोटो आधी काढा. काचेच्या झाकणाच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये एक ते तीन दिवस बुडवून ठेवायची, प्लास्टिकची बरणी चालणार नाही. खिडक्या उघड्या आणि स्वयंपाकघरापासून लांब, कारण अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतं. लेप मऊ झाला की मऊ ब्रशने सोडवायचा. सुरीने खरवडायचा नाही, आतले भाग नखाएवढे आहेत. पूर्ण वाळल्यावरच परत बसवायची. जमल्यास बोर्डावर सॉकेटची पट्टी लावून तिच्यात बसवा, कारण उरलेल्या पाचांवरही तोच लेप आहे.

पेटीवाली

सॉकेटचं बरं केलंत सांगितलं. रविवारी उघडतो. बरणी लोणच्याची रिकामी करून धुऊन ठेवली आहे, झाकण काचेचंच आहे. तोवर पाच आवाजांवर रियाज चालू आहे, चौथ्याची पाळी आली की तो सूर वाजून जाऊ देते आणि पुढचा धरते.