६९७१६ की ६९७२९? हाडाचं माप बघायचं की जागा?

प्रश्न
अमेरिकेतल्या ईएनटी (कान-नाक-घसा) सर्जरींचं कोडिंग, म्हणजे विम्याच्या बिलासाठी प्रत्येक सर्जरीला ठरलेला सीपीटी कोड लावणं, करायला लागून मला सहाच महिने झालेत. उजव्या कानामागच्या हाडात ऐकण्यासाठीचं इम्प्लांट, वरून त्वचा पूर्ण शिवलेली, बाहेरचा प्रोसेसर (आवाज पकडणारं यंत्र) चुंबकाने चिकटतो. मी ६९७१४ लावला, क्लेम (विमा कंपनीकडे पाठवलेलं बिल) डिनाय, म्हणजे नामंजूर, होऊन आला. ऑडिटचे सर म्हणतात ६९७२९ कर, हाड बरंच काढलंय. सर्जनच्या नोटमधली ओळ अशी आहे: मास्टॉइडमध्ये (कानामागच्या फुगीर हाडात) १२ बाय १० मिमीचा खड्डा ड्रिल केला, बाहेरच्या कॉर्टेक्सच्या (हाडाच्या कठीण थराच्या) खाली. म्हणजे १२० चौरस मिमी. तरी मन मानत नाही. पेशंटच्या मुलीचा दोनदा फोन आलाय, बिल आम्हाला भरावं लागणार का म्हणून. परत चूक नको.

उत्तर
ताई, ६९७२९ अजिबात करू नका. ६९७१४ गेला कारण तो त्वचेतून बाहेर येणाऱ्या अबटमेंटचा (प्रोसेसर जोडायच्या खुंटीचा) कोड आहे. चुंबक म्हटलं की उरले दोन, ६९७१६ आणि ६९७२९. ६९७२९ ची व्याख्या शेवटपर्यंत वाचा: जागा मास्टॉइडच्या बाहेर हवी आणि काढलेलं हाड १०० चौरस मिमी किंवा जास्त हवं. दोन्ही एकदम. तुमच्या सर्जनने मास्टॉइड लिहिलंय, मग १२० असो की १५०, कोड ६९७१६ च. ६९७२९ आला २०२३ मध्ये, आणि तेव्हापासून टीममध्ये तोंडी 'शंभरच्या वर' एवढंच सांगितलं जातं. तो 'आणि' गळतो. फार वाईट वाटतं मला याचं, कारण भोगतो पेशंट.

आणखी एका कोडरचं म्हणणं
आमच्याकडे नोटमध्ये माप नसतंच. यंत्राचं नाव बघून कोड टाकतात.

उत्तर
नावावरून नका टाकू, सर्जनला क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा. प्रश्न मोकळा ठेवा: इम्प्लांट कुठे बसवलं, कॉर्टेक्सच्या खाली किती हाड काढलं, ते नोंदवावं. 'शंभरच्या वर होतं ना?' असं उत्तर हातात देऊन विचारायचं नाही. उत्तर तारीख घालून अॅडेंडम (मागाहूनची नोंद) म्हणून नोटला जोडलं गेलं पाहिजे. आणि हो, कुणाच्या जुन्या शीटमध्ये ६९७१५ असेल तर खोडा, २०२२ पासून तो कोडच नाही.

प्रश्न विचारणारी
खूप आभार सर. व्याख्या प्रिंट काढून ऑडिटच्या सरांसमोर ठेवली, त्यांनी दोनदा वाचली आणि मानलं. एल८६९० सर्जनच्या क्लेमवर घालायचा का?

उत्तर
नाही. तो यंत्राचा कोड. यंत्र हॉस्पिटलने विकत घेतलंय, तो त्यांच्या बिलात. तुमच्याकडे ६९७१६ आणि आरटी मॉडिफायर (उजवी बाजू दाखवणारी जोड). विमा खासगी असेल तर फ्रीक्वेन्सी कोड ७ (हा आधीच्या क्लेमच्या जागी, असं सांगणारा) आणि मूळ क्लेम नंबर घालून करेक्टेड क्लेम पाठवा. नवीन म्हणून पाठवलात तर डुप्लिकेट म्हणून परत येईल.

प्रश्न विचारणारी
खासगीच आहे. आत्ताच पाठवला. पेशंटचं स्टेटमेंट होल्डवर टाकायला सांगितलंय, मुलीला उद्या सकाळी मीच फोन करते.