गर्दीच्या गाडीतून उतरणे सुकर करण्यासाठी रचनेत काय बदलावे?

प्रश्न

गर्दीच्या वेळी गाडी फलाटाला लागल्यावर उतरणाऱ्यांची जी कोंडी होते, ती डब्याच्या व फलाटाच्या रचनेतून कितपत कमी करता येईल, याचा मी अभ्यास करीत आहे. दरवाजे रुंद करावेत, हा उपाय सर्वांत आधी सुचतो; परंतु रुंद दरवाजाच्या दोन्ही कडांना टेकून माणसे उभी राहिली की वाट पुन्हा एकाच माणसापुरती उरते. दंडुका किंवा दंड न वापरता, निव्वळ मांडणीतून साधतील असे उपाय कोणते?

प्रतिसाद १

दरवाजांची संख्या वाढवण्याचा प्रयोग टोकियोत झालेला आहे. यामानोते मार्गावर १९९१पासून एका बाजूला सहा दारे असलेले डबे जोडण्यात आले आणि सकाळच्या गर्दीत त्यांतील आसने मिटवून ठेवली जात. पुढे फलाटावर सरकते दरवाजे बसवायचे ठरले, तेव्हा सर्व डब्यांची दारे ठरावीक जागीच येणे आवश्यक झाले आणि हे डबे काढून घ्यावे लागले. त्यामुळे डब्याचा विचार फलाटापासून वेगळा काढून करता येत नाही, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २

चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येऊच नयेत, हा सर्वांत खात्रीचा मार्ग. बार्सिलोनाच्या मेट्रोत रुळांच्या दोन्ही बाजूंना फलाट ठेवण्याची पद्धत १९३०च्या दशकापासून आहे. म्युनिकच्या उपनगरी रेल्वेच्या भुयारी मार्गातही काही स्थानके अशी आहेत. एका बाजूने उतरायचे, दुसऱ्या बाजूने चढायचे, आणि उतरण्याच्या बाजूची दारे काही क्षण आधी उघडायची. अर्थात त्यासाठी जादा फलाट लागतो, त्यामुळे जुन्या स्थानकात हे क्वचितच जमते.

प्रश्नकर्ता

माझ्यासमोर जुनीच स्थानके आहेत. फलाट वाढवणे शक्य नाही.

प्रतिसाद ३

मग माणसे दाराशी का थांबतात, येथून सुरुवात करावी. त्यांना बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे (फलकांवरील सूचनांचा सूर बहुधा तसाच असतो), पण आत गेलो तर आपल्या स्थानकावर बाहेर पडता येणार नाही, ही त्यांची भीती अगदी रास्त असते. ती भीती जोवर खरी आहे, तोवर ‘आत सरका’ या घोषणेचा उपयोग नाही.

त्यामुळे आत उभे राहणे सोयीचे आणि दाराशी रेंगाळणे किंचित गैरसोयीचे व्हावे, अशी मांडणी हवी. दाराच्या ऐन मध्यावरचा उभा खांब पाहा: पहिला माणूस त्याला धरतो, दुसरा पाठ टेकतो, तिसऱ्याच्या खांद्यावरची पिशवी उरलेली जागा अडवते. तोच आधार डब्याच्या मध्यभागी कड्या आणि आडव्या दांड्यांच्या रूपाने दिला, आसने भिंतीला समांतर लावली, तर मधली वाट रुंद होते. पुढचे स्थानक कोणते आणि दारे कोणत्या बाजूला उघडणार, हे गाडी मागचे स्थानक सोडतानाच दिसले पाहिजे. गाडी थांबता थांबता कळले तर आतला माणूस कोपर पुढे करूनच निघणार.

प्रतिसाद ४

याला फलाटाची जोड द्यावी. दारे जेथे येतात तेथे मधली पट्टी उतरणाऱ्यांसाठी मोकळी ठेवून दोन्ही बाजूंना तिरप्या रांगा आखाव्यात. सिंगापूर व हाँगकाँग येथे अशा खुणा आहेत. मात्र गाडी दर वेळी नेमकी त्याच जागी थांबत नसेल, तर त्या खुणांवर कोणाचाच विश्वास बसत नाही.

आणखी एक अडचण जिन्याची. प्रत्येक स्थानकावर जिना फलाटाच्या एकाच टोकाला असेल, तर सगळे त्याच टोकाच्या डब्यांत कोंबले जातात आणि मधले डबे तुलनेने मोकळे धावतात. शिवाय जिन्याच्या तोंडाशी गर्दी तुंबली की ती मागे दारापर्यंत येते. तेव्हा दरवाजा कितीही रुंद असला तरी उतरणाऱ्याला पाऊल ठेवायला जागा नसते. जिन्यालगतची दुकाने, बाकडी आणि जाहिरातींचे फलक हलवणे हे काम नव्या डब्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, म्हणून मी ते आधी करीन.

प्रश्नकर्ता

आभार. आता आधी जिन्याशी आणि दाराशी एकाच वेळी निरीक्षण करून अडथळा कोठून सुरू होतो ते पाहीन. खांब हलवण्याचा प्रस्ताव त्यानंतर मांडेन.