मूल दुसऱ्या राज्यात नेलं, तर ताब्याची केस कुठल्या कोर्टात चालावी?

पूर्वभागकर:
आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात सोयरिकी तेलंगणापर्यंत पसरलेल्या. त्यामुळे नवरा-बायकोचं फाटलं की भांडणही दोन राज्यांत. ओळखीच्या घरातली लेक सहा वर्षांच्या पोराला घेऊन हैदराबादहून माहेरी आली आणि जूनमध्ये त्याला इथल्या शाळेत घातलं. नवऱ्याने ताब्यासाठी तिकडे अर्ज केला, हिने इथे. आता दोन्हीकडे वाद एकच, केस ऐकायची कुणी? पोराचं काय करायचं, हा विषय अजून निघालेलाच नाही.

माझं मत: घर सोडण्याआधी मूल जिथे राहत होतं, शिकत होतं, तिथेच केस चालावी. नेणारी आई असो की बाप. नाहीतर आधी न्या, मग शाळेत घाला, मग म्हणा पोरगं इथलंच, हे चालूच राहणार. १८९० चा पालक व पाल्य कायदा कलम ९ मध्ये म्हणतो, मूल सर्वसाधारणपणे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करा. किती दिवस राहिलं म्हणजे ते तिथलं, हे मात्र लिहिलेलं नाही. अमेरिकेत राज्याराज्यांत हाच घोळ होता. तिथल्या १९९७ च्या एकसमान कायद्याने, म्हणजे राज्यांनी आपापला मंजूर करायच्या नमुन्याने, सहा महिन्यांची रेघ मारली. केस घालण्याच्या लगेच आधी मूल सलग सहा महिने जिथे राहिलं, ते त्याचं राज्य. कुणी मुलाला घेऊन निघून गेलं, तरी मागे राहिलेल्याला सहा महिन्यांच्या आत जुन्या राज्यात केस घालता येते. मॅसॅच्युसेट्स सोडून सगळ्या राज्यांनी तो कायदा घेतला. आपल्याकडे अशी रेघ का नको?

होटगी रोडची लेक:
रेघ मारायला काय जातंय, दादा. अंगावरच्या कपड्यांनिशी पोराला घेऊन निघालेल्या बाईला तुम्ही सांगणार, जिथून पळालीस तिथेच दर तारखेला ये. नवऱ्याचं घर तिथे, त्याचे मित्र तिथे, वकील तिथला. हिने तीनशे किलोमीटर जायचं, पोराला कुणाकडे ठेवायचं, रात्री उतरायचं कुठे, बुडालेला रोज कोण देणार? माहेर म्हणजे काय पोरगं लपवायची जागा आहे का? तिथे आजी-आजोबा असतात, जेवण असतं, झोप लागते. मूल राहतं तिथली शाळा, तिथले शेजारी कोर्टाला तिथेच तपासता येतात.

काळाकोट:
वकिली करतो म्हणून थोडं. कलम ९ खाली मूल आज कुठे आहे एवढंच बघत नाहीत. केवळ कोर्टाची हद्द तयार करण्यासाठी चार दिवसांपूर्वी आणून ठेवलं, तर ते चालत नाही. रुची माजू खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हा कायद्याचा आणि वस्तुस्थितीचा मिश्र प्रश्न आहे, पुरावा बघून ठरवायचा. म्हणून शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

पण बाईला तेवढं एकच दार नाही. २००३ च्या दुरुस्तीपासून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पत्नी ती राहते तिथे अर्ज करू शकते, आणि त्याच अर्जात कलम २६ खाली ताबा मागता येतो. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तर तात्पुरत्या मुक्कामाच्या ठिकाणीही चालतो. कलम २१ खाली तात्पुरता ताबा मिळू शकतो.

गड्ड्याचा पाळणा:
म्हणजे आईला तीन दारं आणि बापाला एक. लै भारी की ओ!

भीमाकाठ:
हसू नका. मी कलबुर्गीत राहतो, बायको लेकीला घेऊन सोलापुरात आहे. पुण्यापेक्षा कलबुर्गी कितीतरी जवळ, पण मधे राज्याची हद्द. माझी केस कर्नाटकातली, तिची महाराष्ट्रातली. एकीकडे आणायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली थेट सर्वोच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सोलापूरकरांची मुंबईवारी वाचली, चांगलंच आहे. आमच्या कामाचं नाही, दुसऱ्या राज्यातली केस त्यांना हलवता येत नाही. दिल्लीत वकील लावून तिने बदली मागितली. तिथे बहुतेक वेळा पत्नीची सोय बघतात, तशीच बघितली. मी ट्रक चालवतो. तारखेला गेलो की फेरी जाते. कोर्टाच्या आवारात अर्धा तास पोरगी भेटते, तीही अवघडलेली. ताईंचा राग समजतो, पण निघून येणारी प्रत्येक बाई मार खाऊनच येते असं नाही.

होटगी रोडची लेक:
भाऊ, तुमच्याबद्दल वाईट वाटतं. तरी नियम करायचा तो सगळ्यात अडलेल्या माणसाकडे बघून करावा, असंच मी म्हणेन.

पूर्वभागकर:
अमेरिकेच्या कायद्यातही मुलाला किंवा आईला मारहाणीचा धोका असेल तर मूल असेल त्या राज्याला तातडीचा आदेश देता येतो. शिवाय दोन राज्यांचे न्यायाधीश आपसात थेट बोलून ठरवू शकतात. आपल्या १८९० च्या कायद्यात यातलं काहीच नाही. हैदराबादच्या साहेबांनी सोलापूरच्या साहेबांना एक फोन केला असता तर कदाचित महिनाभरात निकाल लागला असता.

काळाकोट:
फोनची कल्पना मला पटते. भीमाकाठ, हद्दीचा वाद मिटेपर्यंत भेटीसाठी थांबू नका. १८९० च्या कायद्याच्या कलम १२ खाली अंतरिम आदेश मागा. यशिता साहू निकालात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने लांब राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलता आलं पाहिजे असं म्हटलंय, ते वकिलाला दाखवा.

होटगी रोडची लेक:
पूर्वभागकर, एक सांगा. तुमच्या ओळखीतलं पोरगं जूनपासून इथे शाळेत आहे. सहा महिने उलटले असतील. मग तुमच्याच रेघेने केस सोलापूरची झाली ना?

पूर्वभागकर:
नाही. बापाने दोन महिन्यांतच हैदराबादला अर्ज टाकला होता.

होटगी रोडची लेक:
म्हणजे जो आधी वकील गाठेल त्याचं कोर्ट. अडाणी घरातल्या बाईला वकील सापडायलाच सहा महिने लागतात, दादा.

पूर्वभागकर:
मग सहाचे चार करा, आठ करा. पण काहीतरी आकडा लिहा. आकडाच नाही म्हणून तर दोन्ही घरं निव्वळ हद्दीच्या वादावर पैसे घालतायत.