खानने चेकॉवला ओळखलं ते सोडा, चेकॉवला सूर्यमाला का ओळखू आली नाही?

मोजणीदार_हवेली
‘स्टार ट्रेक’चा विषय निघाला की आमच्या कट्ट्यावर कोणीतरी तोच शिळा मुद्दा काढतो. खान हा खलनायक आला मूळ मालिकेच्या पहिल्या सीझनला; ‘एंटरप्राइज’ जहाजाच्या कॅप्टन कर्कने त्याला सेटी अल्फा सूर्यमालेतल्या पाचव्या ग्रहावर सोडून दिलं. त्याच जहाजावरचा चेकॉव आला दुसऱ्याला. मग १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’ सिनेमात खान त्याचा चेहरा ओळखतो कसा? मला हे किरकोळ वाटतं. चारशेच्या वर माणसं असलेलं जहाज, सगळी थोडीच कॅमेऱ्यासमोर येणार!

माझं दुखणं वेगळं आहे. पट्ट्यावर खानच्या जुन्या जहाजाचं नाव ‘बॉटनी बे’ वाचल्या वाचल्या चेकॉवची पाचावर धारण बसते आणि तो आपल्या नव्या जहाजाच्या, ‘रिलायंट’च्या कॅप्टन टेरेलला तिथून बाहेर काढायला धडपडतो. म्हणजे खान कोण, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मग ‘रिलायंट’ घेऊन सेटी अल्फाला पोहोचल्यावर, सहाव्या ग्रहावर उतरायचं ठरत असताना, शेजारच्या पाचव्यावर आपण कोणाला सोडून आलो होतो हे याला आठवू नये? एंटरप्राइजवर हा नॅव्हिगेटर होता हो!

मी जमीन मोजणीच्या खात्यात आहे. रोव्हर (मोजणीचं यंत्र) लावण्याआधी आम्ही चतुःसीमा बघतो. पूर्वेला कोणाचा गट, पश्चिमेला ओढा की रस्ता. बांधापलीकडचा गटच जागेवर नसेल तर आपण भलत्याच शेतात उभे आहोत, हे नव्याने लागलेल्या पोरालाही कळतं. इथे अख्खा सहावा ग्रह गायब, हे उतरले तो खरं तर पाचवाच, आणि कोणी मोजायला तयार नाही. ही चूक लेखकाची की पात्राची? ‘सिनेमा आहे, सोडून द्या’ हे उत्तर नको.

कर्वेनगरचा_बोर्ग
सिनेमा आहे, सोडून द्या.

सदाशिव_वॉर्प
बोर्ग, तुम्ही झोपा.

तो शिळा मुद्दा आधी निकालात काढतो. खानचा भाग ‘स्पेस सीड’ दाखवला १६ फेब्रुवारी १९६७ ला, त्याची स्टारडेट (कथेतली तारीख) ३१४१.९. चेकॉव असलेला ‘कॅट्सपॉ’ आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पण त्याची स्टारडेट ३०१८.२. कथेतल्या काळात तो आधीचा. म्हणजे चेकॉव जहाजावर होताच. (ते काम करणारा वॉल्टर कोनिग तर गमतीत सांगायचा की चेकॉव बाथरूम अडवून बसला होता आणि खान बाहेर ताटकळला. असा चेहरा कोण विसरेल?)

आता तुमचा प्रश्न. खानचा फैसला कर्कने बंद खोलीत केला. हजर कोण, तर स्पॉक, मॅकॉय, स्कॉटी हे वरिष्ठ अधिकारी. ‘बॉटनी बे’ हे नाव जहाजभर झालं असेल, पण ग्रहाचा नंबर ज्युनियर पोराला कोण सांगत बसणार?

मोजणीदार_हवेली
नाही पटत. सिनेमातच चेकॉव खानच्या तोंडावर सांगतो की सेटी अल्फा पाचवर जीवसृष्टी होती, तुम्हाला रास्त संधी दिली होती. त्यावर खान ओरडतो की हाच तो पाचवा. नंबर त्याला तोंडपाठ आहे.

दुर्बीणवाली
ग्रह मोजणं बांध मोजण्याइतकं सोपं नसतं, दादा. ज्योतिर्विद्या परिसंस्थेत मी पहिल्यांदा युरेनस बघितला तेव्हा शेजारचा तारा कुठला आणि हा कुठला, हे मला कोणीतरी दाखवावं लागलं. ठिपका काही रात्रींत सरकला, तर ग्रह. नव्या सूर्यमालेत शिरलेल्या जहाजाला मी या बाबतीत सूट दिली असती.

पण ही नवी नाही. कक्षा आधीच नोंदलेल्या आहेत. युरेनस गणितापेक्षा जरासा इकडेतिकडे चालतो, एवढ्यावरून १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. दुर्बीण आणि कागद, बस्स. आणि स्टारफ्लीटच्या, म्हणजे या जहाजांच्या ताफ्याच्या, संगणकाला पाचव्याचं वस्तुमान सहाव्यापेक्षा वेगळं आहे हे कळू नये?

मला तर खानचं स्पष्टीकरणच जास्त खटकतं. सहावा फुटला आणि त्याच्या धक्क्याने पाचव्याची कक्षा सरकली म्हणे. पोकळीत धक्का पोहोचवायला हवा कुठे आहे? मलबा येऊन आदळेल, तो कहर करेल, कबूल. पण ग्रह ढकलला जाऊन नेमका सहाव्याच्या जागी दिसावा? आणि फुटलेल्या ग्रहाचे तुकडे गेले कुठे? सेन्सरवर सगळ्यात आधी तेच दिसले असते.

मोजणीदार_हवेली
तुकड्यांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. बिनतोड आहे.

मग लेखकाची चूक धरू. पण पात्राच्या बाजूने मला एक दिसतं. जेनेसिस, म्हणजे निर्जीव ग्रहावर जीवसृष्टी उभी करणारं यंत्र, त्याच्या चाचणीसाठी पूर्ण निर्जीव ग्रह हवा आहे, एक जंतूसुद्धा चालणार नाही ही शास्त्रज्ञ कॅरल मार्कसची अट. शोधून शोधून चेकॉव आणि टेरेल दोघं वैतागलेत. इथे सेन्सरवर काहीतरी बारीकसं दिसतं, तर ते उचलून दुसरीकडे हलवता येईल का, यावर घासाघीस सुरू. ज्याला काम उरकायचंय तो नकाशा बघतो तो खात्री करायला नाही, सही करायला. असे साहेब मी पाहिलेत. तेवढ्यापुरता चेकॉव मला खरा वाटतो.

कर्कला मात्र माफी नाही. पंधरा वर्षांत एकदाही चौकशी नाही.

सदाशिव_वॉर्प
चौकशीचा विचारच नव्हता. ‘स्पेस सीड’चा शेवट परत बघा. स्पॉक म्हणतो, आज पेरलेल्या बीचं काय पीक आलं ते शंभर वर्षांनी येऊन बघायला मजा येईल. शंभर! आणि कर्क मान डोलावतो.

मोजणीदार_हवेली
शंभर वर्षांनी या, पण नकाशावर ‘इथे माणसं सोडली आहेत’ एवढं तरी लिहा की राव.