स्तनातली गाठ: गळू की नुसती सूज? सोनोग्राफीत कसं ओळखायचं?

प्रश्न: स्तनपान करणारी रुग्ण, ताप, लाल दुखरा भाग. पडद्यावर काळसर, कडा अस्पष्ट असलेला पट्टा दिसतो. पू झालाय हे नक्की कशावरून ठरवता?

उत्तर १: प्रोबने (सोनोग्राफीचा त्वचेवर टेकवायचा भाग) हलकेच दाबून सोडा. आतले बारीक ठिपके भोवऱ्यासारखे फिरले, तर पू पातळ आहे. पू घट्ट असेल तर काहीच हलत नाही आणि भरीव गाठ वाटते. इथेच जास्त फसगत होते. मग डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफीची सोय) लावा, वेगाची मर्यादा कमी ठेवून, म्हणजे संथ प्रवाहही दिसेल. गळूत रक्तप्रवाह कडेला असतो, मध्ये नाही. जोरात दाबलंत तर कडेचाही प्रवाह नाहीसा होतो, शिवाय रुग्णाला फार दुखतं. भरपूर जेली, हात हलका.

उत्तर २: लाली, ताप नसेल तर दुधाची गाठ आठवा, तिच्यात स्निग्धांश आणि पाणी यांची आडवी रेषा दिसू शकते.

उत्तर ३: ३ सेंमीपेक्षा लहान गळू सहसा १८ गेजच्या (जाडसर) सुईने पू ओढून निघतं, पुन्हा भरलं तर पुन्हा ओढायचं. नमुना कल्चरला (जंतू ओळखायच्या तपासणीला) पाठवाच. दूध पाजणं थांबवू नका. आणि प्रतिजैविकांनी आठ-दहा दिवसांत फरक नाही, त्वचा जाडच, काखेतल्या गाठी गोलसर? तिथे वाट न पाहता बायोप्सी (तुकडा काढून तपासणी). दाहक कर्करोग (स्तन लाल करून सुजवणारा कर्करोग) अगदी असाच दिसतो.