काँक्रीटच्या हॉलला प्लॅस्टर करायचं का? (पुणेकर, सल्ला द्या)

फळीचा_ठसा:
नमस्कार. कर्वेनगर साइडला आमच्या सोसायटीचा हॉल आहे, १९७८ चा, सगळं उघडं काँक्रीट, गिलावा नाही रंग नाही, शटरिंगच्या फळ्यांचे ठसे अजून दिसतात. लहानपणी गॅदरिंगला आपला नंबर येईपर्यंत मी त्या ठशांमधल्या लाकडाच्या गाठी मोजायचो. आता कमिटी म्हणते बिल्डिंग अर्धवट सोडल्यासारखी वाटते, लग्नाला कोणी घेत नाही, प्लॅस्टर करून पुढून एसीपी शीट (अॅल्युमिनियमचे चकचकीत पत्रे) मारू. पश्चिमेची भिंत काळी पडलीये आणि छज्जाखाली दोन ठिकाणी सळ्या दिसायला लागल्यात हे खरं. पण प्लॅस्टर हा उपाय आहे का?

साइटवरचा:
नाही. आधी सळी का दिसते ते बघा. काँक्रीट अल्कलाइन असतं म्हणून आतलं लोखंड टिकतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो तसा तो गुण संपतो, मग ओल मिळाली की गंज, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो म्हणून वरचं कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) ढलप्यासारखं सुटतं. प्लॅस्टर धरावं म्हणून गडी आधी टाचे मारणार (छिन्नीने खाचा पाडणार), म्हणजे उरलंसुरलं कव्हरही गेलं. आणि शीटमागे काय चाललंय ते तुकडा डोक्यात पडेपर्यंत कळणार नाही.
सुटलेल्या जागी ताजा टवका काढून फिनॉल्फ्थॅलिन (अल्कली असेल तर गुलाबी होणारं रसायन) मारा, गुलाबी झालं तर ठीक, रंग नाही आला तर कार्बोनेशन, म्हणजे तो कार्बन डायऑक्साइडचा परिणाम, तिथवर पोचलंय. तेवढाच भाग सळीच्या मागपर्यंत फोडून, सळी घासून, रिपेअर मॉर्टर भरा.

शनिवारातला:
टेस्ट करा नाहीतर पूजा घाला, दिसायला जेलच राहणार. मे महिन्यात संध्याकाळी सातला तसल्या हॉलमध्ये बसून बघा, भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर शेकतात. आणि माइकवरचं भाषण तीन-तीनदा ऐकू येतं, एकदा ऐकणंच जिवावर येतं तिथे!! कौतुक करणारे फोटो काढून घरी जातात, सत्यनारायण तिथे आम्हाला करायचा असतो.

उभाआडवा:
@शनिवारातला घुमण्याचं १००% मान्य, पण गुळगुळीत प्लॅस्टर केलं तरी तेवढंच घुमणार. जाड पडदे आणि छताला आवाज शोषणारे पॅनेल लावा, बराच फरक पडतो.
बाकी 'अर्धवट' शब्दाचं हसू आलं. उघड्या काँक्रीटच्या या बांधकामशैलीला ब्रुटलिझम म्हणतात, आणि हे नावच ज्या फ्रेंच शब्दांवरून आलं त्यांचा अर्थ कच्चं काँक्रीट. चंदीगडचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स याच जातीचं आणि ते २०१६ पासून जागतिक वारसा आहे. उलट दिल्लीचा हॉल ऑफ नेशन्स घ्या, १९७२ चा, राज रेवल आर्किटेक्ट, महेंद्र राज इंजिनिअर. एवढी स्पेस फ्रेम (दांड्या त्रिकोणात जोडून केलेला सांगाडा) खरं तर स्टीलची व्हायची, पण स्टील परवडत नव्हतं आणि माणसांचे हात भरपूर होते म्हणून जागेवर काँक्रीट ओतून केली. एप्रिल २०१७ मध्ये पाडली. तुमचा हॉल त्या तोडीचा आहे असं नाही म्हणत, पण असे ठसे परत मारून मिळत नाहीत.

साइटवरचा:
एक राहिलं. पश्चिमच काळी का? छज्जाच्या खालच्या कडेला पाणपट्टीची खाच आहे का बघा. ती नसेल तर पाणी खाली न टपकता आत वळून भिंतीवरनं उतरतं.

फळीचा_ठसा:
काल संध्याकाळच्या सरीत छत्री घेऊन उभा राहिलो (वॉचमनने दोनदा विचारलं काय झालं म्हणून). खाच आहे! पण मागच्या डागडुजीत कोणीतरी ती सिमेंटने व्यवस्थित भरून वर घोटूनसुद्धा ठेवलीये, आणि काळा पट्टा बरोब्बर त्याच्याच खाली. रविवारी मीटिंग आहे, फोटो प्रिंट करून नेतोय. पडद्यांचं कोटेशनपण मागवलंय, शनिवारवाल्यांसाठी.