दहावीच्या मुलाला इंग्रजी व्याकरण: नियम पाठ आहेत, पण 'डिडन्ट वेन्ट' काही जात नाही

मंगळवारपेठवाली:

नमस्कार मंडळी. मी काही शिक्षिका नाही. बी.कॉम. करून एका पतसंस्थेत नोकरी करतो. (होय, बाईच आहे. कोल्हापूरची आहे, 'करतो'च म्हणणार.) शेजारच्या वहिनींचा मुलगा यंदा दहावीला आहे. शाळा मराठी माध्यमाची, वर्ग सेमीचा. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकतोय आणि घाबरतोय इंग्रजीच्याच पेपरला. वहिनी म्हणाल्या, "तुझं इंग्रजी बरं हाय, जरा बस की त्याच्याजवळ." बसलो.

पोरगं हुशार आहे. गेल्या वर्षी एका क्लासात बारा काळांचा तक्ता पाठ करून घेतलाय. झोपेतनं उठवून विचारलं तरी 'सब्जेक्ट प्लस हॅज ऑर हॅव प्लस व्हीथ्री' सांगतो. (व्हीवन म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, व्हीथ्री म्हणजे तिसरं.) पण लिहायला बसवलं की सगळं गायब. परवा म्हटलं, रविवारी काय केलंस ते लिही. वहीतलं जसंच्या तसं देतो:

'ऑन संडे आय डिडन्ट वेन्ट टू ट्यूशन. आय हॅव सीन मॅच यस्टरडे. पीटीएम इज प्लेज गुड. अवर गोलकीपर डिड नॉट कॉट द बॉल. माय मदर इज शाउटिंग ऑन मी एव्हरी डे.'

(पीटीएम म्हणजे आमच्या इथला फुटबॉलचा संघ.) शेवटचं वाक्य ऐकून वहिनी हसत सुटल्या. मी लाल पेनानं सगळं दुरुस्त केलं, त्यानं मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी परत 'डिडन्ट वेन्ट'. विचारलं, डिडनंतर काय येतं? लगेच उत्तर, "व्हीवन." मग वेन्ट का लिहिलंस? तर म्हणतो, "ताई, जुनं हाय न्हवं ते, कालचं."

यावर मला काय बोलावं सुचेना. आता व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून घेऊ, की बोर्डाच्या पेपरापुरतंच बघू? सहामाही जवळ आलीय.

पेठेतला_भावा:

ताई, 'पीटीएम इज प्लेज गुड' हे व्याकरणानं चुकीचं आहेच, पण शाहू स्टेडियमवर येऊन बघितलं तर वस्तुस्थिती म्हणून पण चुकीचंच आहे. आमचा संघ खंडोबा तालीम, नाद खुळा! बाकीचं सर लोक सांगतील.

दोन_पोरांची_आई:

माझं स्पष्ट मत, दहावीच्या वर्षात पाया-बिया खणत बसू नका. माझ्या मोठ्याला जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला लावल्या, पत्रं पाठ करून घेतली, मार्क पडले. व्याकरण अकरावीला शिकेल. (शिकला नाही अजून, ती गोष्ट वेगळी.)

खडू_आणि_फळा:

मंगळवारपेठवाली ताई, उत्तर त्या पोरानंच दिलंय की तुम्हाला. 'जुनं हाय न्हवं ते.' इतकं नेमकं कारण मला बी.एड.च्या वर्गातसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

मी नोकरीभर इंग्रजीच शिकवलं. सुरुवातीची पोरं पाचवीला एबीसीडी गिरवायची. 2000 सालापासून पहिलीला इंग्रजी आलं. पण 'डिडन्ट वेन्ट' दोन्हीकडच्या वह्यांत सारखंच. कारण ते येतं आपल्या बोलण्यातनं. 'तो गेला.' नकार द्यायचा तर 'तो गेला नाही.' विचारायचं तर 'तो गेला का?' तिन्हीकडं 'गेला' जागचा हलत नाही. पोरगं तेच करतं, 'वेन्ट' तसाच ठेवतं आणि डिडन्ट आणून पुढं चिकटवतं. इंग्रजीत मात्र नकार किंवा प्रश्न आला की 'डू' मदतीला येतं आणि काळ स्वतःच्या अंगावर घेतं, म्हणून त्याचं 'डिड' होतं. केएमटीच्या बसमध्ये एका माणसाला एकच तिकीट. डिडनं काढलं, आता वेन्टनं परत काढायचं नाही, त्यानं 'गो' होऊन गप बसायचं. 'डझ'चंही तेच. 'एस' त्यानं घेतला, म्हणून 'ही डझन्ट प्ले'.

तो तक्ता कपाटात ठेवा. बाराही काळ एकदम पुढ्यात टाकणं मला कधीच पटलं नाही. फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस त्या पोराला कधी लागणार आहे? एकच वाक्य घ्या, तेही त्याच्या आवडीचं: 'दे वन द मॅच.' आणि हे तोंडी फिरवू द्या. दे डिडन्ट विन. डिड दे विन? व्हेन डिड दे विन? वही नको, पेन नको, वहिनींचा चहा होईपर्यंत एवढंच. मग दुसरं क्रियापद. कॉट, सॉ, टुक, ब्रोक असली वाकडी क्रियापदंच घ्या. 'प्लेड'वर चूक झाली तर कानाला लगेच खटकत नाही.

हे पक्कं झालं की दोन गोष्टी फुकटात मिळतात. एक, क्वेश्चन टॅग, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडायचा छोटा प्रश्न. मराठीत एका 'ना'वर भागतं, म्हणून पोरं सगळीकडं 'इजन्ट इट' ठोकतात. 'दे वन' यात डिड लपलंय हे ज्याला कळलं तो 'डिडन्ट दे' आपोआप लिहितो. दुसरं, परीक्षेतलं लाडकं 'नो सूनर'. 'नो सूनर डिड द रेफरी ब्लो द व्हिसल दॅन द क्राउड रॅन ऑन टू द ग्राउंड.' इथं 'ब्लो'ऐवजी भूतकाळाचं 'ब्ल्यू' लिहिणारी पोरं वर्गात निम्मी तरी असायची. तिकीट तेच, फक्त डिड कर्त्याच्या आधी येऊन बसलंय.

'हॅव सीन यस्टरडे' हा वेगळा रोग. आपण 'कालच बघितलाय' बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत हॅव आलं की ठरलेली गेलेली वेळ चालत नाही. यस्टरडे, लास्ट संडे, इन 2019 असलं काही आलं की सरळ 'सॉ'. पण हे आत्ता काढू नका. एका वेळी एकाच चुकीला लाल पेन. बाकीच्या दिसल्या तरी डोळेझाक करा. तुम्ही पाचही वाक्यं रंगवलीत, त्यातलं त्यानं नेमकं कुठलं लक्षात ठेवायचं?

दोन_पोरांची_आई म्हणतात त्यातही तथ्य आहे. पेपर 80 गुणांचा, त्यात लँग्वेज स्टडीचा पहिला प्रश्न 10 गुणांचा, आणि उताऱ्यांखाली 'डू ॲज डायरेक्टेड' म्हणून थोडं थोडं. एवढंच बघितलं तर व्याकरण किरकोळ वाटतं. पण पत्र पाठ करून गेलेल्या पोराला विषय जरा बदलून आला की स्वतःचं वाक्य करावं लागतं, आणि तिथं 'डिडन्ट रिसीव्ह्ड' येतंच. शेवटचा 5 गुणांचा मराठीत भाषांतराचा प्रश्न मात्र सोडू देऊ नका. आपल्या माध्यमाच्या पोरांचे ते हक्काचे गुण आहेत आणि वेळ संपला म्हणून तोच कोरा राहतो.

पेठेतला_भावा:

सर, म्हणजे 'मी जातो' म्हणणाऱ्या आमच्या पोरींना इंग्रजी सोपं की. 'आय गो'ला बाई-बुवा काहीच नाही!

खडू_आणि_फळा:

भावा, खरंय ते. पण 'ही गोज, शी गोज'चा एस तेवढाच राहतो आणि तोच शेवटपर्यंत छळतो.

मंगळवारपेठवाली:

सर, तोंडी फिरवणं चालू आहे. वहिनी पण ऐकून ऐकून शिकल्यात. भाजी निवडता निवडता "डिड ही ईट?" म्हणतात. 'डिडन्ट वेन्ट' जवळपास गेलंय, लिहिताना एखाद्या वेळी येतं पण त्याचं तोच खोडतो. आता नवीन घोळ. डिड जिथं तिथं घुसायला लागलंय. काल लिहिलंय, 'हू डिड स्कोर द गोल?' आणि खाली 'ही डिडन्ट वॉज इन द टीम.' 'हू डिड स्कोर' चुकीचं आहे हे मला कळतंय, पण का ते सांगता येईना. व्हेनला डिड लागतं आणि हूला नाही, असं सांगितलं तर तो म्हणतो, "मग 'हू डिड यू मीट' कसं बरोबर?" मी गप्प.

खडू_आणि_फळा:

घोळ झाला ते बरंच झालं, नियम तक्त्यातनं बाहेर पडलाय त्याच्या. आणि शंका वकिलासारखी काढलीय पठ्ठ्यानं.

हू आणि व्हेनचा इथं संबंध नाही. उत्तर वाक्यात कुठं बसतं ते बघायचं. 'राहुल स्कोर्ड द गोल.' राहुल कर्ता आहे. त्याच्याच जागी 'हू' बसवलं, वाक्य जसंच्या तसं राहिलं: 'हू स्कोर्ड द गोल?' काही हललं नाही, म्हणून डिडला बोलवायची गरज नाही. 'यू मेट राहुल' यात राहुल कर्म आहे. त्याच्याबद्दल विचारताना 'हू' उचलून पुढं न्यावं लागतं, तिथं डिड येतं: 'हू डिड यू मीट?' आणखी एक जोडी द्या त्याला. 'हाऊ मेनी गोल्स डिड ही स्कोर?' पण 'हाऊ मेनी प्लेअर्स स्कोर्ड?' शब्द तेच, हाऊ मेनी, तरी एकीकडं डिड आहे, दुसरीकडं नाही. अधोरेखित भाग उत्तर येईल असा प्रश्न करा म्हणतात, त्यात कर्त्याखाली रेघ असली की पोरं हमखास अडकतात.

वॉजचं सोपं आहे. इज, आर, वॉज, वेअर, कॅन, विल, शुड यांना मदतनीस लागत नाही, स्वतःच पुढं सरकतात, स्वतःच 'नॉट' घेतात. 'ही वॉजन्ट इन द टीम.' 'वॉज ही इन द टीम?'

उद्या त्याला प्रश्न करायला लावायच्या आधी तुम्हीच मॅचवर दहा-बारा वाक्यं लिहून न्या. निम्म्यांत कर्त्याखाली रेघ, निम्म्यांत कर्माखाली, आणि ओळीनं नकोत, उलटसुलट. पहिल्यांदा प्रश्न लिहायचाच नाही, नुसतं 'डिड येतं' किंवा 'येत नाही' एवढंच तोंडानं सांगायचं. ते न अडखळता आलं की मग वही उघडा.